दिवेलागण आणि काळी काच

ब्रिटनमधला एम-४ हा मोटरवे, म्हणजे द्रुतगती महामार्ग, लंडनहून निघतो आणि ब्रिस्टलच्या बाजूने वेल्सकडे, जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो. शरद ऋतूत संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बाइकस्वाराच्या नेमका डोळ्यांत सूर्य येतो. हेल्मेटला काळी काच असेल तर हायसं वाटतं. नसेल तर पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट पेटलेत की नाही, हेसुद्धा कळत नाही. मग सूर्य टेकतो आणि अर्ध्या तासात तीच काच वैरीण होते. कडेला थांबून ती बदलावी म्हटलं, तर मोटरवेवर थांबायलाच मनाई. हा पेच कुणी मुद्दाम घातलेला नाही. हेल्मेट, कायदा आणि रस्ता तिघेही एकमेकांना न विचारता वाढले, त्यातून तो पडला.

सुरुवातीच्या काळात डोक्यावर फार तर चामड्याची टोपी असायची आणि डोळ्यांवर पट्ट्याचे गॉगल. मे 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश सैनिक-लेखक, ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला, 1941 मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांवर ही सक्ती यायला मात्र 1973 साल उजाडलं. एवढ्या सगळ्या चर्चेचा विषय कवटी हा होता. डोळ्यांचा विचार त्यात फारसा नव्हता, आणि तेव्हा त्याची निकडही नव्हती. गॉगल हेल्मेटपासून वेगळा असे. अंधारलं की तो एका हाताने कपाळावर सरकवता यायचा. वारा झोंबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण दिसायचं.

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेल कंपनीने आणलं. 1968 मध्ये शर्यतपटू डॅन गर्नीने ते फॉर्म्युला वनच्या शर्यतीत घातलं आणि बघता बघता ते मोटरसायकलवाल्यांच्याही डोक्यावर आलं. हनुवटी वाचली, कान वाचले. पण काच आता हेल्मेटचाच भाग झाली. पूर्वीच्या बऱ्याच काचा स्क्रूने बसवलेल्या असत. त्या सोडवायला नाणं किंवा पाना लागे, आणि गारठलेल्या बोटांतून स्क्रू निसटला की तो काळोखात सापडायचा नाही. पुढे खटक्याने निघणाऱ्या काचा आल्या. तरी हेल्मेट डोक्यावरून उतरवल्याशिवाय काच बदलणं म्हणजे खेळ नव्हे. शिवाय दुसरी काच सामानात ठेवावी लागते, तीही मऊ पिशवीत. एरवी तिच्यावर चरे पडतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटचा त्या चऱ्यांवर फुलबाजा होतो.

कायद्याने काचेकडे लक्ष दिलं ते दिवस आणि रात्र असे दोन कप्पे करून. ब्रिटिश मानक आणि हेल्मेटविषयीचा युरोपचा नियम 22 यांची विभागणी साधारण सारखीच आहे. 80 टक्के किंवा अधिक प्रकाश आत सोडणारी काच केव्हाही चालते. 50 ते 80 टक्क्यांमधली काच चालते, पण 'फक्त दिवसा' असा शिक्का तिच्यावर हवा. त्याहून काळी काच रस्त्यावर बेकायदा. ती विकली जाते, पण 'रस्त्यावर वापरासाठी नाही' अशी बारीक अक्षरं घेऊन. ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेचा, 94 वा नियमही सांगतो, की रात्री किंवा कमी दिसत असताना रंगीत चष्मा वा काच वापरू नये. नियम रास्तच आहेत. मात्र संध्याकाळ या दोन कप्प्यांच्या मधोमध येते, आणि 'फक्त दिवसा' हा शिक्का नेमक्या कोणत्या मिनिटाला लागू होतो, ते स्वारालाच ठरवावं लागतं.

गंमत म्हणजे वाहनांच्या दिव्यांबाबत ब्रिटिश कायदा अगदी काटेकोर आहे. तिथे अंधाराची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. आपल्या दिवेलागणीला त्यांनी घड्याळ लावलं, असं म्हणता येईल. या अर्ध्या तासात काय होतं? निरभ्र आकाश असेल तर सूर्यास्ताला जमिनीवर सुमारे 400 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश असतो आणि नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण अर्धा तास टिकणारा उजेड, संपताना तीन-साडेतीन लक्स. म्हणजे उजेड शंभराव्या हिश्श्याहून खाली येतो. ढोबळ हिशेबाने दर पाच मिनिटांना तो निम्मा होतो. 50 टक्क्यांची काच घातलेल्याची रात्र इतरांपेक्षा पाच मिनिटं आधी होते. 20 टक्क्यांची, म्हणजे बेकायदा काच असेल तर अकरा-बारा मिनिटं आधी. त्याखाली पुन्हा 15 टक्क्यांचा गॉगल घातला, तर गुणाकार करून बघा.

डोळा मात्र तक्रार करत नाही. मला यातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. उजेड हळूहळू उतरत असल्याने तो जुळवून घेत राहतो आणि आपल्याला वाटतं, दिसतंय की. दिव्यांच्या ओळी, मागचे लाल ठिपके खरोखर दिसतही असतात. दिसत नाही ती रस्त्यात पडलेली फुटक्या टायरची काळी पट्टी. झेक शास्त्रज्ञ पुर्किनेने 1825 मध्ये नोंदवलं होतं, की उजेड कमी झाला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा तुलनेने उजळ वाटतो. दिवे न लावता चाललेली गडद लाल गाडी अशीच डांबरात मिसळून जाते. ताशी 70 मैलांच्या वेगाने बाइक सेकंदाला 31 मीटर कापते, आणि हायवे कोडच्या तक्त्यात या वेगाला थांबायला 96 मीटर लागतात.

आता रस्ता. एम-१ मोटरवे 2 नोव्हेंबर 1959 ला खुला झाला. तेव्हा त्यावर वेगमर्यादा नव्हती, दुभाजकाला कठडा नव्हता, दिवेही नव्हते. ताशी 70 मैलांची मर्यादा 1965 च्या डिसेंबरात आली. उघड्या माळावरच्या बऱ्याच टप्प्यांत आजही दिवे नाहीत; तिथे भरवसा पर्सी शॉने 1934 मध्ये शोधलेल्या, रस्त्यात बसवलेल्या 'कॅट्स आय'वर, म्हणजे हेडलाइट पडला की चमकणाऱ्या परावर्तकांवर. हार्ड शोल्डर, म्हणजे रस्त्याकडेची मोकळी पट्टी, फक्त संकटासाठी. काच बदलणं संकटात मोडत नाही. पुढे काही ठिकाणी हार्ड शोल्डरचीच लेन केली गेली. मग उरतात सर्व्हिसेस, म्हणजे पेट्रोल, चहा आणि पार्किंगची अधिकृत जागा. त्यांच्यातलं अंतर 28 मैल किंवा अर्ध्या तासाच्या प्रवासाहून जास्त नसावं, असं सरकारी धोरण. पुन्हा अर्धा तासच! एक सर्व्हिसेस 'अजून उजेड आहे' म्हणून सोडली, तर पुढची येईपर्यंत पूर्ण अंधार पडलेला असू शकतो.

यावरचा खरा कामाचा उपाय आला तो हेल्मेटच्या आत सरकणाऱ्या काळ्या पडद्याने. बाहेरची काच पारदर्शक, आतला पडदा डाव्या अंगठ्याने वर-खाली, उजवा हात ॲक्सिलरेटरवर. सगळ्या हेल्मेटांत तो नसतो. उन्हात आपोआप काळी होणारी काचही मिळते. अशी काच 1960 च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या प्रयोगशाळेत चष्म्याच्या भिंगांसाठी घडली. ही काच काळी पटकन होते, निवळायला मात्र मिनिटं घेते, आणि थंडीत आणखी रेंगाळते. बोगद्यात शिरताना तेवढा वेळ नसतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे जातात. लंडनला शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचच्या आसपासच मावळतो. शुक्रवारी पाचला ऑफिसातून निघालेला स्वार ऊन डोळ्यांवर घेत निघतो. सोमवारी पाचला निघतो तेव्हा सूर्य बुडून पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात, आणि हेल्मेटवर शुक्रवारचीच काच असते.