श्वानविष्ठा : घरगुती विल्हेवाट

पाळीव कुत्र्याची विष्ठा अंगणातून, परसातून किंवा रस्त्यावरून उचलून माणसांना, जनावरांना आणि पाण्याला उपद्रव होणार नाही अशा ठिकाणी पोहोचवण्याची रीत. बोलीत ‘कुत्र्याची घाण’ किंवा नुसते ‘शी’. ही नोंद बेळगाव (1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या सीमाभागातील वस्ती डोळ्यासमोर ठेवून केली आहे.

या मुलखात विष्ठा म्हणजे खत, ही समजूत फार जुनी. शेण उकिरड्यात जाते किंवा शेणी होऊन चुलीत जाते. सुगी झाली की धनगरांची मेंढरं रानात बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य किंवा रोकड देतात. त्याच सवयीने कुत्र्याची घाणही खुरप्याने उचलून उकिरड्यावर पडते आणि वर्षभराने वांगी-मिरचीच्या वाफ्यात पोचते. शेण निर्जंतुक असते असे नव्हे. पण कुत्रा मांस खाणारा, माणसाच्या अंथरुणापर्यंत वावरणारा प्राणी आहे आणि त्याच्या आतड्यातले काही कृमी माणसाच्या शरीरातही शिरतात. फरक पडतो तो इथे.

या कृमींपैकी सर्वांत महत्त्वाचा गोलकृमी ‘टॉक्सोकॅरा कॅनिस’. त्याची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. कृमीच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात सुप्त राहून गर्भातल्या पिलांत उतरतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची पिले या अंड्यांचा मोठा उगम ठरतात. अंडी बाहेर पडताना संसर्गक्षम नसतात. उष्ण, ओलसर मातीत त्यांना त्यासाठी साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नंतर मात्र ती मातीत कित्येक महिने, अनुकूल स्थितीत काही वर्षेही टिकतात. ‘वाळली की गेली’ हा सर्वसाधारण समज या कृमीपुरता नेमका उलटा आहे: ताजी विष्ठा त्या मानाने निर्धोक, आणि दिसेनाशी झालेली विष्ठा धोक्याची. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ही अंडी गेल्यास अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत भटकतात. या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती 1952 च्या सुमारास.

हाच नियम सगळ्यांना लावता येत नाही. ‘एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस’ या फीतकृमीची अंडी बाहेर पडतानाच संसर्गक्षम असतात. हा कृमी मेंढी आणि कुत्रा यांच्यात फिरतो: कापलेल्या बकऱ्या-मेंढ्यांची फुप्फुसे, काळजे कुत्र्यापुढे टाकली की त्यांतल्या गाठींतून तो कुत्र्यात जातो. माणसात त्याच्या पाणगाठी होतात आणि त्या कित्येक वर्षे कळत नाहीत. धनगरवाड्यांत, तसेच जत्रांच्या दिवसांत गावोगाव, हे चक्र सहज पूर्ण होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. पार्व्हो हा कुत्र्यांचाच रोग, पण त्याचा विषाणू अंगणात महिनोन्‌महिने तग धरतो. लस न टोचलेले पिलू आणण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रेबीज मात्र विष्ठेतून पसरत नाही. तो लाळेचा रोग आहे. दोहोंची गल्लत नेहमी होते.

श्वानविष्ठेचा उपयोग : ती सर्वत्र आणि सर्वकाळ निरुपयोगी मानली गेली असे नाही. युरोपात मऊ कातडे कमावताना चुन्यातून काढलेली चामडी कोमट पाण्यात कालवलेल्या श्वानविष्ठेत भिजवत. 19व्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये ती गोळा करून कातडी कारखान्यांना विकणे हा गरिबांचा रोजगार होता. या मालाला ‘प्युअर’ म्हणत. हे नाव चामडे ‘शुद्ध’ करण्याच्या गुणावरून पडले असे तत्कालीन स्पष्टीकरण आहे. काही जण ते ‘दुर्गंधी येणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूशी जोडतात. पहिले स्पष्टीकरण मागाहून बसवलेले वाटते, परंतु दुसऱ्यालाही निर्णायक आधार नाही. क्रिया कशाने घडते यावरही दोन मते होती. एका मतानुसार विष्ठेत वाढणारे जीवाणू चामड्यातील प्रथिने सैल करतात; दुसऱ्या मतानुसार स्वादुपिंडातून आलेली पाचक द्रव्ये हे काम करतात. जर्मन रसायनज्ञ ओटो रोम याने 1907-08 च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडापासून पर्यायी द्रव्य तयार केले आणि ते चालले, त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड झाले. जीवाणूंचा वाटा मात्र पूर्णपणे नाकारला गेलेला नाही. पुढे या द्रव्याने श्वानविष्ठेला धंद्यातून हद्दपार केले.

अथणी, निपाणी भागात कोल्हापुरी चपलेसाठी कातडे कमावण्याची मोठी परंपरा आहे (या चपलेस 2019 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे). तेथील पद्धत चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांची. तळव्याच्या टणक कातड्याला मऊपणा नकोच असतो, म्हणून वरील प्रक्रियेचा संबंध या परंपरेशी जोडणे युक्त नाही.

विल्हेवाटीच्या पद्धती : मध्यम आकाराचे कुत्रे दिवसाला साधारण 300 ते 350 ग्रॅम विष्ठा टाकते असे धरले जाते; म्हणजे वर्षाला शंभर किलोच्या वर. ती रोजच्या रोज उचलणे हे सर्व पद्धतींचे मूळ. सुपली किंवा जुने खुरपे त्यासाठीच वेगळे ठेवतात. नंतर हात साबणाने धुतात.

परसात जागा असेल तर दोन-तीन फूट खोल झाकणाचा खड्डा पुरतो. विहीर वा बोअरपासून तो निदान 50 फूट दूर आणि भाजीच्या वाफ्यापासून वेगळा हवा. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात; तिथे तो उंचवट्यावर घेऊन पाणी वळवावे लागते. वरून राख, माती टाकल्याने वास आणि माश्या कमी होतात, अंडी मरत नाहीत. चुन्याबद्दलही शिंपडण्याइतक्या प्रमाणात फार आशा धरू नये.

कंपोस्टचा प्रश्न वादाचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2005 मध्ये अलास्कातील बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेवर काम केले: दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, आणि ढिगाच्या पोटात 60 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता. ढीग पुष्कळ कुत्र्यांचा होता. एका कुत्र्याच्या घरी बादलीभर ऐवजात ती उष्णता चढत नाही. म्हणून असे खत घातलेच तर शोभेच्या झाडांना. कोथिंबीर, मुळा यांना नाही.

शौचालयात टाकून पाणी सोडणे भुयारी गटार असलेल्या भागांत चालते (पिशवीसकट नव्हे). सेप्टिक टँकमध्ये अंडी मरत नाहीत, तळच्या गाळात साचतात, आणि तो गाळ कुठे रिकामा होतो हा पुढचा प्रश्न. रस्त्याकडेच्या उघड्या गटारात लोटलेली घाण पावसात वाहून जाते. बेळगावातील बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव शिवारातील भातशेतीजवळून वाहतो, तेव्हा ती ‘गेली’ म्हणजे केवळ दुसऱ्याच्या बांधाशी गेली.

शहरात बहुतेकांपुढे उरते ती घंटागाडी. 2016 च्या घनकचरा नियमांत पाळीव जनावरांच्या विष्ठेचा वेगळा वर्ग नव्हता. ओल्या कचऱ्यातून खत होत असल्याने ती त्यात मिसळू नये आणि डायपरप्रमाणे कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, हे अधिक सयुक्तिक दिसते. पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर कर्नाटकात 2016 पासून बंदी आहे. जुने वर्तमानपत्र पुरते. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या कारखानी खतप्रक्रियेच्या उष्णतेत विरघळतात, परसातल्या खड्ड्यात बराच काळ तशाच राहतात.

पिलांना दोन आठवड्यांची झाल्यापासून जंताचे औषध सुरू करतात आणि मोठ्या कुत्र्यांना पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने देतात. औषध दिल्यावर पुढचे दोन-तीन दिवस पडणाऱ्या विष्ठेत कृमी आणि अंडी असतात, तेव्हा ती विशेष काळजीने उचलतात. हाडे खाणाऱ्या कुत्र्याची विष्ठा वाळून पांढरी पडते ती हाडांतील चुन्यामुळे. तो रोग नव्हे.