मृगातला तेजोमेघ: दिसतो तो आणि दिसत नाही तो

(दुर्बिणीसोबतचे माहितीपत्रक)

दुर्बीण जोडायची आणि रोखायची कशी, ते सोबतच्या पुस्तिकेत आहे. हे पत्रक एका प्रश्नासाठी. मृग नक्षत्र संध्याकाळी वर येऊ लागले की आमच्याकडे हमखास फोन येतात: तेजोमेघ सापडला, पण नुसता राखाडी दिसतो. फोटोतला लाल-गुलाबी रंग गेला कुठे? दुर्बिणीत काही बिघाड तर नाही?

बिघाड नाही. त्या मेघातला हायड्रोजन लाल प्रकाश देतो आणि अंधाराला सरावलेला डोळा नेमका लाल रंगाच्या बाबतीत जवळजवळ आंधळा असतो. ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश त्याला थोडाफार कळतो, म्हणून काहींना मेघ राखाडी-हिरवट वाटतो. कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवत राहतो. डोळ्याला ती सोय नाही.

फोटोंमुळे आणखी एक समज पसरला आहे आणि तो दूर करणे आम्हाला जास्त गरजेचे वाटते. हा झगमगता मेघ म्हणजेच ताऱ्यांचे जन्मस्थान, असे सगळीकडे लिहिलेले असते. खरे जन्मस्थान त्याच्या मागे, अंधारात आहे.

चार तारे आणि काळी खाच

मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्याखाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मधोमध तेजोमेघ, एम 42. अंतर सुमारे 1350 प्रकाशवर्षे. 40 ते 50 पट वर्धन ठेवले की मेघाच्या ऐन मध्यात चार तारे दाटीवाटीने दिसतात. हा ट्रॅपेझियम. त्यांतला सर्वांत तेजस्वी तारा वस्तुमानाने सूर्याच्या 30 पटींहून मोठा आहे. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, पुन्हा पकडले जातात आणि तेव्हा जो प्रकाश बाहेर पडतो तो आपल्याला दिसतो. हा वायू जवळपास 10,000 अंशांपर्यंत तापलेला आहे. इतका तापलेला वायू आकसत नाही, पसरत जातो. त्यातून तारा घडणे कठीणच.

आता त्या चार ताऱ्यांना लागून आत घुसलेली काळी खाच पाहा. हौशी निरीक्षक तिला माशाचे तोंड म्हणतात. तिथे आकाश मोकळे नाही. धूळ मिसळलेला थंड वायू मागच्या उजेडाच्या आड आला आहे. तेजोमेघाच्या मागे अशाच थंड वायूचा प्रचंड मेघ पसरला आहे. त्याचे वस्तुमान सुमारे 1 लाख सूर्यांइतके. आपण पाहतो तो चमकता भाग म्हणजे त्या मेघाच्या आपल्याकडच्या कडेला नव्या ताऱ्यांनी कोरलेला खळगा.

तारा घडायला थंडी का हवी

‘मेघ’ म्हटले तरी तो विलक्षण विरळ असतो. समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये 25 वर 18 शून्ये इतके रेणू असतात. अशा मेघात साधारण काही शेकडे ते काही हजार. मात्र विस्तार कित्येक प्रकाशवर्षांचा असल्यामुळे एकूण वस्तुमान अफाट भरते. तापमान उणे 260 अंश सेल्सियसच्या आसपास. बहुतेक वायू हायड्रोजन आणि हेलियम. वस्तुमानाचा साधारण शंभरावा हिस्सा धूळ.

गुरुत्वाकर्षण वायूला आत ओढते, उष्णतेमुळे आलेला दाब बाहेर ढकलतो. या ओढाताणीत कोणाची सरशी कधी होते, याचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी 1902 मध्ये मांडले. वायू जितका थंड आणि दाट, तितका कमी वस्तुमानाचा तुकडाही स्वतःच्या भाराने कोसळू शकतो. अडचण अशी की कोसळताना वायू तापतो आणि दाब पुन्हा वाढतो. ती उष्णता बाहेर टाकण्याचे काम धूळ आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू करतात, घामाने अंग गार राहावे तसे. इतक्या थंडीत हायड्रोजनचे रेणू जवळपास काहीच प्रारित करत नाहीत. त्यामुळे मेघांचे नकाशे काढायलाही कार्बन मोनॉक्साइडच्या 2.6 मिलिमीटर लांबीच्या लहरी उपयोगी पडतात. त्या अंतराळातून येतात हे 1970 मध्ये प्रथम कळले, तेही याच मृगातल्या मेघाकडे रेडिओ दुर्बीण रोखल्यावर.

वायू ताऱ्यापर्यंत पोहोचतो कसा

हर्शेल अवकाश दुर्बिणीने (2009 ते 2013) दूर-अवरक्त प्रकाशात पाहिले तेव्हा असे मेघ लांबलचक तंतूंनी भरलेले दिसले. तंतूंमध्ये दाट गाठी बनतात, जिथे तंतू एकत्र येतात तिथे वायू जास्त साचतो आणि गाठीचा गाभा कोसळू लागतो. वायूला मुळातच थोडी गिरकी असते. आकसताना ती वाढते, म्हणून वायू सरळ ताऱ्यावर न पडता त्याच्याभोवती चकती करतो आणि चकतीतून हळूहळू आत सरकतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले एल 1527 या घडत असलेल्या ताऱ्याचे छायाचित्र जरूर शोधून पाहा. वृषभ राशीच्या दिशेने, सुमारे 460 प्रकाशवर्षांवर, वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे दोन उजळ शंकू दिसतात आणि त्यांच्या मानेशी एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे कडेने दिसणारी चकती. तारा तिच्या आत लपला आहे, वय जेमतेम 1 लाख वर्षे, आणि अजून वायू ओढतोच आहे. शंकू आहेत त्याने वर-खाली फेकलेल्या झोतांनी मोकळ्या केलेल्या पोकळ्या. गाभ्याचे तापमान सुमारे 1 कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे सम्मीलन, म्हणजे अणुकेंद्रे जुळून हेलियम बनणे, सुरू होते. सूर्यासारख्या ताऱ्याला स्थिर व्हायला काही कोटी वर्षे लागतात.

बहुतेक वायू वायाच जातो

आमच्या मते यातली खरी नवलाची गोष्ट ही. आपल्या आकाशगंगेत सुमारे 100 कोटी सूर्यांइतका असा थंड वायू आहे. तो नुसता कोसळत गेला असता तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे बनले असते. प्रत्यक्षात बनतात एक-दोन सूर्यांइतके. मेघातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र कोसळण्याला अडवतात. त्यात ट्रॅपेझियमसारखे दांडगे तारे जन्मले की उरलेला मेघच उधळून लावतात.

तरीही साठा बाहेरून भरत राहावा लागतो. 2020 मध्ये पुण्याजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने 800 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधला) हायड्रोजन मोजला. त्या ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने तो 100 ते 200 कोटी वर्षांतच संपला असता.

काळे मेघ पाहायचे असतील तर

ज्येष्ठा ताऱ्याच्या परिसरात आणि तिथून वर जाणाऱ्या आकाशगंगेच्या पट्ट्यात काळोखे भाग आहेत. अठराव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना असे भाग म्हणजे आकाशातली भोके वाटली होती. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांनी 1919 मध्ये 182 काळ्या खुणांची यादी छापली. हे मेघ पाहायला खरोखर अंधारी जागा हवी. मोठे वर्धन इथे कामाचे नाही, नुसते डोळे किंवा द्विनेत्री पुरे.

तेजोमेघांसाठी आम्ही जो फिल्टर विकतो तो एम 42 वर छान चालतो. काळ्या मेघांसाठी तो घेऊ नका. हे मेघ दृश्य प्रकाश देतच नाहीत आणि ज्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ते उठून दिसतात, ते तारे फिल्टरमुळे मंदावतात.