वनस्पती अर्कांची प्राणिपेशींतील अँटिऑक्सिडंट क्रिया

प्राणिपेशीत मुक्त मूलके (सुटा इलेक्ट्रॉन असलेले अस्थिर रेणू) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे क्रियाशील रेणू पेशीला आवरता येणार नाहीत इतके वाढले, की पेशीपटलातील मेद, प्रथिने आणि डीएनए यांना इजा होते. या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली. आवळा, हळद, कोकम, रोझमेरी, हिरवा चहा अशा वनस्पतींच्या अर्कांतील पॉलिफेनॉले (वनस्पतींत आढळणारी एका गटाची संयुगे) हा ताण कमी करतात का, म्हणजेच अँटिऑक्सिडंट ठरतात का, यावर विपुल संशोधन झाले आहे. त्यातले सगळे सारख्या तोलाचे नाही.

सर्वांत सोपी चाचणी डीपीपीएच या जांभळ्या मूलकाची. अर्काने हे मूलक शमवले, की त्याचा रंग उतरून पिवळा होतो. खर्च कमी आणि निकाल बहुतेकदा अनुकूल, म्हणून ती लोकप्रिय. पण तिच्यात पेशीच नसते. पुढच्या टप्प्यात संवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक माध्यमात वाढवलेल्या, पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन त्यांच्यातील ताण चमकणाऱ्या रंजकाने मोजतात. येथेही फसगत होऊ शकते. हिरव्या चहातील ईजीसीजी हे संयुग संवर्धन माध्यमात स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. पेशींवर दिसणारा परिणाम मग संयुगाचा की या उपउत्पादनाचा, हे वेगळे तपासावे लागते.

पेशीत ही संयुगे मूलके थेट टिपतात, हा समज अपुरा आहे. त्यांची तेथील मात्रा सहसा फार कमी असते. अधिक पटणारे स्पष्टीकरण संरक्षक जनुके चालू करणाऱ्या एनआरएफ-२ या प्रथिनाचे आहे. एरवी कीप-१ नावाचे प्रथिन त्याला धरून ठेवते व त्याचा नाश घडवते. हळदीतील कर्क्युमिन किंवा रोझमेरीतील कार्नोसिक आम्ल कीप-१ मधील गंधकयुक्त गटांशी संयोग पावले, की एनआरएफ-२ सुटून पेशीकेंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट बनवणाऱ्या विकरांसह (एन्झाइमांसह) अनेक संरक्षक प्रथिनांची जनुके चालू होतात. म्हणजे अर्क पेशीला किंचित डिवचतो आणि तिचीच यंत्रणा कामाला लागते. मात्रा वाढली तर तोच अर्क विषारी ठरू शकतो.

शरीरात गेल्यावर चित्र आणखी बदलते. कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते आणि शोषलेलेही यकृतात लवकर रूपांतरित होते. अँटिऑक्सिडंट म्हटले की हितकारकच, या समजाला तर फिनलंडमधील चाचणीने मोठा तडा दिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २९,१३३ धूम्रपानी पुरुष होते. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळले. ते अर्क नव्हे, एकच शुद्ध संयुग होते, ही मर्यादा ध्यानात घ्यावी. पुढे अमेरिकेच्या कृषी विभागानेही २०१२ मध्ये खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी संकेतस्थळावरून काढली. परखनळीतले आकडे मानवी आरोग्याला लागू होत नाहीत आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, हे त्यामागचे कारण.

शरीराबाहेरचा उपयोग मात्र निर्विवाद आहे. तेल-मेद खवट होऊ नये म्हणून रोझमेरीचा अर्क युरोपीय संघात २०१० पासून ई ३९२ या क्रमांकाने मान्य आहे.