पुलटेकचे दोन नॉब एकमेकांना खात नाहीत

पुलटेक ईक्यूपी-१ए या स्टुडिओतल्या जुन्या इक्वलायझरवर (आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं यंत्र) बेसचे बूस्ट (वाढवणारा) आणि अटेन्युएट (कापणारा) हे दोन्ही नॉब एकत्र चढवले की हिशेब शून्य, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं होत नाही. फ्रिक्वेन्सीचा स्विच दोघांना एकच, पण सर्किटं वेगळी. कापणाऱ्या नॉबचा परिणाम वाढवणाऱ्यापेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पोचतो. त्यामुळे स्विच ६० हर्ट्झवर ठेवून दोन्ही चढवा: किक ड्रमचा तळ भरतो आणि त्याच्या वरच्या, २००-३०० हर्ट्झच्या आसपासचा गढूळपणा बसतो. 'ट्यूबची जादू' म्हणाल, तर आवाजाला आकार देणारं सर्किट पूर्ण पॅसिव्ह आहे, म्हणजे स्वतः सिग्नल वाढवत नाही. त्यात घटलेली पातळी पुढच्या अँप्लिफायरमधल्या व्हॅक्यूम ट्यूब भरून काढतात, वर थोडा रंग. मास्टरिंगला (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) मात्र मी दोन्ही नॉब दोनच्या पुढे नेत नाही.