फटीचा हिशेब

दगडमातीच्या वाटांवर हिंडणाऱ्या छोट्या गाड्यांचं, म्हणजे एटीव्ही किंवा डर्ट बाइकचं इंजिन किलोमीटरपेक्षा धुळीने लवकर म्हातारं होतं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक 7, म्हणजे साध्या पोलादापेक्षा वरचा. हवेचा फिल्टर कडेने नीट बसला नसेल तर हे कण आत शिरतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात मिसळतात. पिस्टनवरची रिंग आणि भिंत यांच्यातला तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा असतो. त्याहून जाड कण मध्ये सापडला की दोन्ही बाजूंना घासतो. रोज थोडं थोडं घासत एक दिवस गाडी किक मारून दमवते, पिकअप जातो, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मागच्याच आठवड्यात भरलेलं तेल कुठे गेलं ते कळत नाही.

इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा, घरी खोलून नव्याने बांधता येतो. या कामाला ताकद कमी लागते, मोजमाप जास्त. ज्याच्याकडे पान्यांचा मोठा संच आहे पण मायक्रोमीटर नाही, त्याने खर्च करायचा तर आधी मायक्रोमीटरवर करावा, असं माझं मत आहे. कारण इथे दुरुस्त करायच्या असतात त्या फटी. कुठली फट किती असावी हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि आपण तिथपर्यंत परत जायचं असतं.

खोलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावं. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन फिरवा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला, तर तेलाने रिंगांची गळती तात्पुरती बुजवली असं समजावं. हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. मात्र बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत सुरू करणं सोपं जावं म्हणून डिकॉम्प्रेशनची सोय असते. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते आणि धडधाकट इंजिनचाही आकडा पाडते. म्हणून लीक-डाउन चाचणी जास्त भरवशाची. पिस्टन वरच्या टोकाला आणून, क्रँक फिरणार नाही असा धरून, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा.

खोलताना दोन गोष्टी विसरू नयेत. कॅमशाफ्ट काढण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून घ्याव्यात आणि चेनचा टेन्शनर सैल करावा. सिलिंडर वर उचलताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबावं. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचं छोटंसं लॉक तिथे पडलं तर वरचं काम खालपर्यंत पोचतं. कनेक्टिंग रॉडही तेव्हाच तपासावा. तो बाजूला थोडा हलणं ठीक, पण वर-खाली खेळ जाणवला तर थांबावं. खालचं बेअरिंग गेलेलं असताना वर नवा पिस्टन बसवणं म्हणजे पैसे वाया.

आता मोजमाप. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. छोट्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट बहुधा त्याहूनही कमी, 0.03 ते 0.06 मिलिमीटरच्या घरात असते. साध्या व्हर्नियरला हे झेपत नाही. पिस्टन गोल दिसतो, पण तो ना पुरता गोल असतो ना वर-खाली सारख्या मापाचा. त्याचा माथा खालच्या स्कर्टपेक्षा लहान ठेवलेला असतो, कारण आग माथ्याला लागते. गणित करून पाहू. पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा 1 मिलिमीटर दर अंशाला सुमारे 0.00002 मिलिमीटरने वाढतो. 70 मिलिमीटरचा माथा 200 अंशांनी तापला तर 0.28 मिलिमीटर फुगतो. बाहेरचा ओतीव लोखंडाचा सिलिंडर 100 अंशांनी तापून जेमतेम 0.08 मिलिमीटर वाढतो. थंड असताना माथा भिंतीला चिकटून बसवला असता, तर गरम झाल्यावर इंजिन जागच्या जागी सीझ झालं असतं. म्हणून पिस्टन मोजायचा तो स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात, गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर. दुसरीकडे मोजलेला आकडा काही सांगत नाही.

मग इतकी फट ठेवून वायू अडतो कसा? रिंगांमुळे. 1850 च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने वाफेच्या इंजिनांसाठी तुटक, स्प्रिंगसारखी ताणलेली धातूची रिंग वापरात आणली. आजची पिस्टन रिंग त्याच कल्पनेवर चालते. ती स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते, पण तो ताण मुळात फार नसतो. खरा जोर ज्वलनाच्या वायूचा. वायू रिंगच्या वरून खाचेत शिरतो, तिच्या पाठीमागे जातो आणि तिला आतून भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त तितकी रिंग घट्ट. गळू पाहणाऱ्या वायूलाच राखणीला बसवायची ही युक्ती मला पूर्ण इंजिनात सर्वांत हुशार वाटते.

रिंग तुटक असल्यामुळे तिच्या दोन टोकांमध्ये फट राहते आणि ती ठेवावीच लागते. 70 मिलिमीटरच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत, रिंगचा परीघ सुमारे 220 मिलिमीटर होतो. ती भिंतीपेक्षा 100 अंश जास्त तापली तर 0.24 मिलिमीटरने लांबते. जागा नसेल तर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते किंवा मोडते. दर 25 मिलिमीटर बोअरला 0.1 मिलिमीटर फट हा जुना ढोबळ नियम त्यातूनच आला आहे. पक्का आकडा अर्थात पुस्तिकेतलाच धरावा.

ही फट बोअरची झीजही सांगते. व्यास 0.1 मिलिमीटर वाढला की परीघ π पट, म्हणजे 0.31 मिलिमीटर वाढतो, आणि ही सगळी वाढ रिंगच्या फटीत दिसते. नवी रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजा. एकदा वरच्या भागात, जिथे रिंगा सर्वांत जास्त घासतात, आणि एकदा अगदी खाली. दोन आकड्यांतल्या फरकाला 3.14 ने भागलं की बोअर वर किती खाल्ला गेला ते मिळतं. बोअर गेज नसलेल्या माणसाला याहून स्वस्त साधन नाही. बोअर लंबगोल झाला असेल तर मात्र ते यातून कळत नाही, त्यासाठी बोअर गेजच हवा.

झीज मर्यादेबाहेर असेल तर पुढचा रस्ता सिलिंडर कशाचा आहे त्यावर ठरतो. लोखंडी स्लीव्ह असेल तर वर्कशॉपमध्ये रिबोअर करून, म्हणजे बोअर थोडा मोठा कापून, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो. निकासिलचा मुलामा असेल तर रिबोअर विसरा. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला हा थर 1967 मध्ये माले कंपनीने रोटरी इंजिनांसाठी विकसित केला. तो इतका पातळ असतो की बोअरिंगमध्ये पुरता निघून जातो. तिथे नवा मुलामा चढवणं किंवा नवा सिलिंडर आणणं हेच दोन पर्याय.

होनिंगनंतर, म्हणजे भिंत बारीक दगडांनी घासून घेतल्यावर, तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसायला हव्यात. तेल त्यांत टिकतं. सिलिंडर नंतर गरम पाण्याने आणि साबणाने, ब्रश मारून धुवावा. नुसतं पेट्रोल तेल काढतं, पण रेघांत बसलेली होनिंगची भुकटी तशीच ठेवतं. पांढरं फडकं तेलात भिजवून आत फिरवा, ते पांढरंच निघेपर्यंत धुणं संपलं नाही. लोखंडी बोअर धुतल्यावर लगेच तेल लावावं, गंज काही मिनिटांत दिसू लागतो.

व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, म्हणजे टॅपेटची फट, लोक उलटी समजतात. टॅपेटचा आवाज आला की काळजी करतात आणि आवाज गेला की खूश होतात. झीज झालेला व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो मिटताना टेकतो त्या कड्यात, वर सरकतो, त्यामुळे फट कमी होते आणि इंजिन उलट गप्प होतं. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकलेल्या क्षणातच बाहेर पडते, ते टेकणंच बंद झालं की त्याची कड जळते. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुरत असेल तर टॅपेट आधी तपासा. हेड हातात असताना पोर्टमध्ये थोडं केरोसीन ओतून ज्वलनकक्षाच्या बाजूने पाझरतं का ते पाहावं. पाझरलं तर पोलादी व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासता येतो. टायटॅनियमचा असेल तर पेस्टला हात लावू नये, त्याचा पातळ कठीण थर निघून जातो.

परत बांधताना गजन पिनची लॉक नवीच घ्यावीत. 54 मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन 8000 आरपीएमला फिरतं तेव्हा वरच्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाच्या 2000 पटींहून जास्त असतं. 1 ग्रॅमचं लॉक तिथे 2 किलोच्या जोराने सुटू पाहतं. म्हणूनच त्याची उघडी बाजू पिस्टनच्या प्रवासाच्या दिशेत, सरळ वर किंवा सरळ खाली ठेवतात. रिंगवरचं अक्षर वर, आणि फोर-स्ट्रोकमध्ये रिंगांची टोकं एका रेषेत नकोत. टू-स्ट्रोकमध्ये ती खाचेतल्या पिनवरच बसवायची, नाहीतर पोर्टमध्ये अडकतात.

हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, फुलीच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. 70 मिलिमीटरच्या बोअरमध्ये 50 बार दाब आला की हेडवर जवळपास 2 टनांचा जोर पडतो. रेंचवर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, बोल्टला ताणायला दहाएक टक्केच उरतो. आटे कोरडे की तेलकट, यावर खरा ताण बराच बदलतो. म्हणून पुस्तिका तेल लावायला सांगत असेल तरच लावा.

सुरू केल्यावर इंजिन तासभर नुसतं आयडलवर ठेवणारे असतात. मला ते पटत नाही. रिंगेमागे दाब नसेल तर ती भिंतीशी जुळत नाही आणि रेघांवर तेलाचा चकचकीत थर जमतो. गरम होऊ द्या, थंड होऊ द्या, मग थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा, फक्त ताणून नेऊ नका. पहिलं तेल लवकर काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. लोखंडी बोअरमध्ये बारीक काळी भुकटी चिकटणं अपेक्षितच असतं. चुंबकाला न चिकटणारी चांदीसारखी चमक भरपूर दिसली तर पिस्टन घासतोय असा संशय घ्या आणि सिलिंडर पुन्हा उतरवा.