वाकवली की कडक: दगड बांधणाऱ्या तारेचं विज्ञान

दगड तारेत बांधून लॉकेट करायला शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातात सुरुवातीला तार तुटते, आणि दोष तारेला दिला जातो. भेसळीची होती, जुनी होती, दुकानदाराने फसवलं. त्यावर एक सल्लाही ठरलेला असतो: तार तापवून लाल करा, पण चुकूनही पाण्यात बुडवू नका, लोखंडासारखी कडक होईल. यातलं निदानही चुकीचं आहे आणि पथ्यही. अस्सल तांब्याची तारसुद्धा तुटते, आणि ज्या कारणाने ती तुटते त्याच कारणाने दगड तिच्यात पक्का बसतो.

काम थोडक्यात असं. घासून गुळगुळीत केलेल्या अकीकाच्या कडेने साधारण 1 मिमी जाडीच्या तारांची चौकट वळवायची, 0.4 मिमीच्या बारीक तारेचे वेढे घालून त्या तारा एकमेकींना बांधायच्या, वर साखळीसाठी कडी. सोल्डरचा डाग द्यायचा नाही, गोंद नाही, दगडाला भोक नाही. अकीक हा क्वार्ट्झचाच प्रकार, खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 अशा मोह्स मापात सुमारे 7. साध्या पोलादी ड्रिलला तो दाद देत नाही. तार घेताना मात्र गेजच्या आकड्यावर विसंबू नका. 20 गेज म्हणजे ब्रिटिश मापात 0.91 मिमी आणि अमेरिकन मापात 0.81. मिलिमीटरच विचारा, कारण तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: दुप्पट जाडीची तार सोळापट ताठ.

आता एक प्रयोग करून बघा. घरातल्या वायरिंगच्या उरलेल्या तुकड्यातली जाड, एकेरी तांब्याची तार घ्या. (प्लॅस्टिक सोलून काढा, जाळू नका, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.) ती बोटांनी काटकोनात वाकवा आणि पुन्हा सरळ करा. पूर्ण सरळ होत नाही. जुन्या वळणाच्या दोन्ही बाजूंना तार नव्याने वाकते आणि मधे एक लहानसा उंचवटा तसाच राहतो. वाकलेली जागा शेजारच्या भागापेक्षा कडक झाली. तिच्यात आपण काही मिसळलं नाही, काही काढलंही नाही. मग बदललं काय?

तांब्यात अणू थरावर थर रचलेले असतात. तार वाकते तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. अख्खा थर एकदम सरकवायचा तर त्यातले सगळे बंध एकाच वेळी तोडावे लागतील, आणि तसा हिशेब मांडला तर शुद्ध तांब्याचा स्फटिक प्रत्यक्षात आहे त्याच्या हजारपटीहून बळकट निघतो. हे कोडं 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवलं. स्फटिकात मधेच एखादा अर्धवट थर घुसलेला असतो. तो जिथे संपतो त्या रेषेला डिसलोकेशन म्हणतात. जड सतरंजी ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती काढून ती पुढे पुढे ढकलली तर सहज सरकते. डिसलोकेशन हीच ती सुरकुती. एका वेळी अणूंची एकच ओळ जागा सोडते, म्हणून थोडं बळ पुरतं. तांबं, चांदी आणि सोनं यांच्या रचनेत असं सरकायला 12 वाटा असतात: चार तिरकी प्रतलं आणि प्रत्येकावर तीन दिशा. या धातूंच्या मऊपणाचं मूळ इथे आहे.

खरी गंमत पुढे आहे. तार वाकवताना ही डिसलोकेशन्स नुसती सरकत नाहीत, नवी तयारही होतात. वेगवेगळ्या प्रतलांवरून आलेली एकमेकांना छेदतात. काही जोड्या एकत्र येऊन अशी गाठ बनते, की तिला सरकायला सोयीचं प्रतलच उरत नाही, आणि मागून येणारी तिच्यापाशी तुंबतात. मऊ तांब्याच्या एका घन सेंटीमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी दहा ते हजार किलोमीटर भरते. भरपूर ठोकलेल्या तांब्यात ती दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या अडीचपट. इथे एक बारकावा आहे. वाकवून कडक झालेल्या तारेचा ताठपणा जवळपास तोच राहतो. कायमची वाकण्यासाठी लागणारा ताण तेवढा वाढतो. म्हणून कडक तार वळवून सोडली की जास्त मागे येते आणि दगडाच्या कडेला फट पडते.

1 मिमीची तार पकडीच्या 4 मिमी जाडीच्या टोकाभोवती वळवली की तिची बाहेरची बाजू 20 टक्के ताणली जाते. मऊ तांबं हे सोसतं. पण तेच वळण उलगडलं, पुन्हा वळवलं, पुन्हा उलगडलं, की सरकायला वाव संपतो आणि पृष्ठभागावर भेग पडते. आकार आधी दोऱ्याने दगडाभोवती ठरवावा आणि तार एकदाच वळवावी, ते यासाठी.

तार कडक झालीच तर ती अंधुक लाल होईपर्यंत तापवायची. अणूंना हालचालीला ऊर्जा मिळते, गुंतागुंतीच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिककण वाढतात आणि तार पुन्हा मऊ होते. मग खुशाल पाण्यात टाका. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, कारण त्यातला कार्बन बाहेर पडायच्या आत अडकतो. शुद्ध तांब्यात अडकायला कार्बनच नाही. उलट पाण्यात वरची काळी ऑक्साइडची पापडी सुटते. उरलेली चिंचेने जाते.

पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम याच तत्त्वावर चालतं. भांडं घडवताना तांबं तापवून मऊ करायचं आणि शेवटी हातोडीच्या ठोक्यांनी मठारायचं. त्या चकाकत्या ठोक्यांची नक्षी दिसते सुंदर, पण भांड्याला बळकटी देणारे ठोकेही तेच.

तारेत बांधलेला स्फटिक शरीराची ऊर्जा वाढवतो, असं सांगून हीच लॉकेटं महाग विकली जातात. आधार म्हणून क्वार्ट्झच्या विद्युत गुणाचं नाव घेतात. हा गुण खरा आहे; जाक आणि पिएर क्युरी या भावांनी तो 1880 मध्ये शोधला. पण क्वार्ट्झवर विद्युतभार निर्माण होतो तो दाब बदलतो तेव्हा. गळ्यात लटकणाऱ्या दगडावर असा दाब कोण देणार? अकीकातले सूक्ष्म तंतू वेगवेगळ्या दिशांना असल्याने त्यांचे परिणाम बरेचसे एकमेकांना मारतात. आणि कुठे भार आलाच, तरी भोवतीची तांब्याची तार दगडाला दोन ठिकाणी टेकली की तो शॉर्ट होऊन जातो. अशा दाव्यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

तार मऊ करायची ती दगड बसवण्याआधीच. 573 अंश सेल्सियसला क्वार्ट्झची रचना बदलते, आकारमान वाढतं, आणि ज्योतीत असमान तापलेला अकीक त्याच्या आधीच तडकू शकतो. नंतरचा कडकपणा वेढे घालतानाच मिळवायचा. फक्त कडी आधी वळवून, लाकडी हातोडीने हलके ठोकून घ्यावी, कारण सगळं वजन तिच्यावर येतं. शिकायला आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधला अकीक उत्तम. त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांतला जळगावकडचा ॲपोफिलाइट दिसायला कितीही मोहक असला, तरी त्याचा कठीणपणा 5 च्या आत आणि एका दिशेने तो सहज दुभंगतो. वेढा आवळताना त्याचे दोन तुकडे होतील. त्याला तारेत बांधू नये.