हँडल फिरलं, पण स्लाइड सरकली का?

लेथच्या क्रॉस स्लाइडचं, म्हणजे कापणारं टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं, हँडल थोडं पुढे घ्या आणि मग उलटं फिरवा. डायलवरचे आकडे लगेच बदलतात, टूल मात्र जागचं हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमधली फट संपेपर्यंत हँडल नुसतंच फिरतं. हाच बॅकलॅश. माझ्या छोट्या लेथवर तो जवळजवळ पाव मिलिमीटर होता. मुरलेला टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) नेहमी एकाच दिशेने मापावर येऊन त्यातून सुटतो. नवशिक्याचे जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, मात्र त्यात वाया जातात. डायल फक्त स्क्रू किती फिरला ते सांगतो. टूल कुठे पोचलं, हे त्याला कळत नाही.

म्हणून मोजपट्टी थेट स्लाइडलाच लावायची. मोठ्या मशीनवर यासाठी काचेच्या पट्ट्यांचे डीआरओ (स्लाइडची जागा आकड्यांत दाखवणारे संच) असतात. छोट्या लेथवर ते महाग पडतात आणि जागाही खातात. तिथे स्वस्तातला डिजिटल कॅलिपर कामी येतो. वर्कशॉपमध्ये त्याला अजून व्हर्नियरच म्हणतात, पण पिएर व्हर्निए यांनी 1631 साली मांडलेली सरकती दुय्यम पट्टी त्यात उरलेली नाही.

डिजिटल कॅलिपरच्या पट्टीवरच्या स्टिकरखाली तांब्याच्या छोट्या पट्ट्यांची रांग असते, दर सुमारे 5 मिमीला एक. सरकत्या भागाच्या पोटाशी त्याहून दाट पट्ट्या असतात. समोरासमोर आलेल्या दोन पट्ट्या म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, विजेचा भार साठवणारा घटक. चिप दाट पट्ट्यांना क्रमाने, थोड्या थोड्या अंतराने सिग्नल देते. भाग सरकला की कोणती पट्टी कोणावर किती आली हे बदलतं आणि परत येणाऱ्या सिग्नलची वेळ पुढेमागे होते. त्यावरून चिप 5 मिमीच्या आतली जागा 0.01 मिमीपर्यंत काढते. या पट्ट्या एकमेकींना घासत नाहीत, आणि वीज इतकी कमी लागते की बटण सेलवर भागतं. मला हे आजही विलक्षण वाटतं.

कपॅसिटर असल्यामुळेच पाण्याशी त्याचं वाकडं आहे. मधल्या पदार्थाने कपॅसिटरची क्षमता किती पट होते तो आकडा म्हणजे परावैद्युत स्थिरांक. हवेचा 1, पाण्याचा सुमारे 80. पाण्यात कालवलेल्या कुलंटचा (कापताना गारव्यासाठी सोडायच्या द्रवाचा) एक थेंब आत गेला की आकडे उड्या मारू लागतात. साधं तेल त्या मानाने निरुपद्रवी, पण लोखंडाचा कीस नको. वर ॲल्युमिनियमचा अँगल झाकण म्हणून लावा.

कॅलिपर स्लाइडवर बसवायला त्याचे जबडे कापायचे तर हॅकसॉ घसरतो, कारण पोलाद कडक केलेलं असतं. ग्राइंडरची कटिंग डिस्क वापरा, पण आधी सरकता भाग उतरवून ठेवा. पट्टीला ओलं फडकं गुंडाळून थांबत थांबत कापा, नाहीतर उष्णतेने स्टिकरचा गोंद सुटतो. पट्टी एक अंश तिरकी बसली तरी 100 मिमीत चूक फक्त 0.015 मिमी येते. घात करतो तो सरकत्या भागाला ओढणारा दुवा. तो आडव्या-उभ्या दिशेने जरा सैल हवा, म्हणजे काही अडकत नाही. पण मोजण्याच्या दिशेने जराही हलता कामा नये. हलला, तर तुम्ही नवा बॅकलॅशच तयार केला.

गिबही, म्हणजे स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टीही, आधी घट्ट करा. पट्टी टूलपासून 60 मिमी बाजूला असेल आणि स्लाइड 100 मिमीत 0.05 मिमी इतकी तिरकी होत असेल, तर वाचनात 0.03 मिमीची चूक शिरते. मोजपट्टी मोजायच्या रेषेतच हवी, असं अर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये सांगितलं ते याचसाठी.

बाहेरून वीज द्यायची असेल तर एक खबरदारी घ्या. यातल्या बहुतेक कॅलिपरचं धातूचं अंग सेलच्या धन टोकाला जोडलेलं असतं. पुरवठ्याचं ऋण टोक लेथच्या अंगाला लागलं की शॉर्ट. कॅलिपर आणि लेथ यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा.

आणि व्यास विसरू नका. स्लाइड 0.1 मिमी आत गेली की व्यास 0.2 ने घटतो, आणि कॅलिपरची चूकही तशीच दुप्पट होते. पडद्यावर 0.01 दिसतं, पण खात्री साधारण 0.02 चीच असते. म्हणजे व्यासात 0.04. दांडा 12 वरून 10 ला उतरवायला ते भरपूर आहे. पण 6201 क्रमांकाचं बेअरिंग बसवायचा 12 मिमीचा दांडा करताना मी शेवटचे दोन कट त्याहून अचूक मोजणारा मायक्रोमीटर लावूनच घेतो.